होडीस इंजिन किती शक्तीचे असावे?

गोव्याच्या किनाऱ्यावर आज ज्या घरी होडी आहे, त्या घरी बहुधा तिच्या पाठीमागे लावावयाचे इंजिनही आहे. नवे इंजिन घ्यावयाचे म्हणजे पुष्कळदा कर्ज काढणे आले, आणि कर्जाची रक्कम अश्वशक्तीप्रमाणे वाढत जाते. तेव्हा शेजारच्यांनी पंचविसाचे घेतले म्हणून आपणही तेच घ्यावे, असा हट्ट मुलांनी धरला असेल, तर वाचकहो, आधी आपल्या होडीचा तळ पाहावा.

गोल तळाची, भरल्या पोटाची जड लाकडी होडी पाणी कापीत जाते. ती जो जो वेग घेते, तो तो तिने उठविलेली लाट लांब होत जाते. शेवटी लाट होडीइतकीच लांब झाली, की होडी आपल्याच लाटेच्या चढावर अडकते. हा वेग किती, ते शाळकरी मुलाकडून काढवून घ्यावे. पाण्यास टेकलेली लांबी फुटांत मोजावी, तिचे वर्गमूळ १.३४ ने गुणावे. उत्तर ताशी सागरी मैलांत येते. लांबी २५ फूट असल्यास वर्गमूळ ५, आणि वेग ६.७, म्हणजे ताशी सुमारे साडेबारा किलोमीटर. यापुढे शक्ती दुप्पट केली तरी वेग थोडाच वाढतो. वाढतात त्या लाटा आणि पेट्रोलचा खर्च. (फार अरुंद होडीस हे गणित इतके काटेकोर लागू पडत नाही.)

अशा होडीस माणसे, जाळी व मासळी धरून एका टनामागे ४ ते ५ अश्वशक्ती पुरते. दीड टनास ८ किंवा १० चे इंजिन झाले. पूर्ण वेगाने चालविल्यास १० अश्वशक्तीचे चार-स्ट्रोक इंजिन तासाला सुमारे ४ लिटर पेट्रोल पिते, २५ चे साडेनऊच्या आसपास. शिवाय मोठ्या इंजिनाचे वजन मागच्या फळीवर पडून होडीचे तोंड वर उचलले जाते.

सपाट तळाच्या हलक्या फायबरच्या होडीची गोष्ट निराळी. ती वेगात पाण्यावर उचलली जाते. तिला कमी शक्तीचे इंजिन लावणे ही खोटी काटकसर. ती धड उचललीही जात नाही आणि इंधन मात्र जाळते.

फारच लहान इंजिनही जड होडीस नको. नदीच्या मुखाशी ओहोटीचा प्रवाह ताशी ३ मैल असेल आणि होडी ४ मैलच चालत असेल, तर वाळूच्या दांड्यावरून परत येताना हाती एकच मैल उरतो. समोरून वारा असला तर तोही नाही. म्हणून रोजचे काम पाऊण शक्तीत भागेल, एवढे इंजिन निवडावे.

दांड्याची लांबी हा प्रश्न दुकानात बहुधा कोणी विचारीतच नाही. ती साधारण १५ किंवा २० इंचांची मिळते. मागच्या फळीची उंची मोजूनच घ्यावी. दांडा आखूड पडला तर पंखा हवा ओढतो व नुसता गरगरतो. जड होडीस मोठ्या व्यासाचा आणि एका फेऱ्यात कमी पुढे सरकणारा पंखा मागावा.

गोव्यात १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात १० अश्वशक्तीपर्यंतच्या इंजिनाच्या, गिलनेट वापरणाऱ्या परवानाधारक होड्यांना सूट मिळत आली आहे. पंचविसाचे इंजिन घेणाऱ्याने पैसे मोजण्यापूर्वी त्या वर्षीचा सरकारी आदेश मत्स्यखात्याच्या कचेरीत वाचून यावा.