निवाड्यावाचून निषेध

कलाकृतीतील नग्नतेचे मूल्यमापन कसे करावे, हा प्रश्न साहित्याला नवा नाही. जेम्स जॉइस यांच्या ‘युलिसिस’ला अमेरिकेत १९३३ साली न्यायाधीश वूल्झी यांनी मुक्त केले, ते संपूर्ण कादंबरी वाचून. ‘रंभा’च्या १९६२ सालच्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘शामा’ या कथेवरील अश्लीलतेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली लेखक निर्दोष ठरला. या निवाड्यांशी कोणी सहमत होवो वा न होवो, ते सकारण लिहिलेले आहेत. म्हणूनच त्यांचा प्रतिवादही करता येतो.

याच ‘युलिसिस’वर आधारलेली रॉबर्ट बेरी यांची चित्रमालिका २०१० साली ॲपलच्या ॲप-दुकानात येऊ पाहत होती, तेव्हा तिच्यातील नग्न आकृत्या वगळण्याची अट घालण्यात आली. वृत्तपत्रांतून टीका झाल्यावर ती मागे घेतली गेली. सत्त्याहत्तर वर्षांपूर्वी न्यायालयाने सोडविलेला प्रश्न अशा रीतीने पुन्हा उभा राहिला, आणि तो सुटला तो युक्तिवादाने नव्हे, बभ्रा झाल्यामुळे.

आपल्या फळीवर काय मांडावे हे दुकानदाराने ठरवावे, असे यावर म्हटले जाते. परंतु बहुतेक देशांत आयफोनवर ॲप मिळविण्याचा दुसरा राजमार्ग नाही. त्यामुळे दुकानाचा नियम दुकानापुरता राहत नाही. टंबलर हे ॲप नोव्हेंबर २०१८ मध्ये तेथून काढले गेले, ते बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे आढळल्याने. ही कारवाई सर्वथा योग्यच होती. मात्र पुढच्याच महिन्यात टंबलरने मोजके अपवाद वगळता प्रौढांचीही नग्नता निषिद्ध केली. दोष एकाचा आणि दंड दुसऱ्यास, असे हे झाले. ॲप-दुकाने व क्रेडिट कार्ड कंपन्या यांच्यामुळे पूर्ण मोकळीक देणे अशक्य आहे, असे टंबलरच्या मालक कंपनीचे प्रमुख मॅट मलनवेग यांनी २०२२ साली उघडपणे लिहिले. त्याच वर्षी नग्नतेवरील बंधन काहीसे सैल झाले.

अंमलबजावणीची स्थिती याहून चिंताजनक आहे. २०२० साली ब्राझीलमधील एका वापरकर्त्याने स्तनांच्या कर्करोगाची लक्षणे दाखविणारी छायाचित्रे इन्स्टाग्रामवर मांडली. यंत्राने ती काढून टाकली. वास्तविक कंपनीच्याच नियमांत अशा छायाचित्रांना मुभा होती. यंत्राला अवयव दिसला, संदर्भ दिसला नाही. कंपनीनेच स्थापिलेल्या देखरेख मंडळाने जानेवारी २०२१ मध्ये ही चूक सकारण दाखवून दिली.

कोट्यवधी चित्रांचा असा विचार शक्य नाही, हा आक्षेप खरा आहे. पण ज्या थोड्या कृतींसाठी कोणी दाद मागतो, त्यांचा तरी समग्र विचार माणसाने करावा आणि निर्णयाची कारणे लिहून द्यावीत, ही अपेक्षा अवाजवी नाही. निषेधाचे कारणच सांगितले गेले नाही, तर त्याची समीक्षा करणार कशी? उद्याच्या वाङ्मयेतिहासकाराला काकोडकरांच्या खटल्याचे निकालपत्र वाचता येईल. ॲप-दुकानाने नाकारलेल्या कृतीची मात्र नोंदही सापडणार नाही.