'सौम्य' अपस्माराची न मोजलेली किंमत

रोगाला दिलेले नावच कधी कधी रोग्याच्या हिताआड येते. लहान मुलांच्या एका अपस्माराला वैद्यकशास्त्र दीर्घकाळ 'सौम्य' म्हणत आले. 'रोलँडिक' या नावाने ओळखला जाणारा हा विकार बहुधा सातव्या वर्षाच्या सुमारास प्रकट होतो. झोपेत चेहऱ्याची एक बाजू थरथरते, लाळ गळते, शुद्ध असूनही मुलाला बोलता येत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या वयापर्यंत झटके बहुतेक आपोआप थांबतात. 'काळजी नको' असे आईबापांना सांगण्यात येते. झटक्यांपुरते ते खरेही आहे.

परंतु या मुलांपैकी अनेकांची बुद्धी सर्वसाधारण असूनही वाचन, शुद्धलेखन, योग्य शब्द आठवणे, ऐकलेली सूचना ध्यानात ठेवणे यांत ती मागे पडतात, हे आता मान्य झाले आहे. याच कारणास्तव अपस्मारविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ साली 'सौम्य' हे विशेषण टाकून दिले.

हिशेबात न नोंदलेला खर्च हाही खर्चच असतो, असे आम्ही अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवतो. येथे तो खर्च शाळेत होतो. ज्या वयात वाचन अंगवळणी पडावयाचे, नेमक्या त्याच वयात हा विकार येतो. जोडाक्षरापाशी अडखळणाऱ्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात 'लक्ष देत नाही' असा शेरा पडतो. दहावीच्या सुमारास रोग निघून जातो. अभ्यासाची थकबाकी मात्र राहते.

आईबाप शाळेला काही सांगत नाहीत, कारण त्यांना बभ्रा नको असतो. हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख १९९९ साली वगळण्यात आला, पण लोकांच्या मनातून तो अद्याप गेलेला नाही.

यावरील उपाय खर्चिक नाही. निदान होताच मुलाच्या वाचनाची व भाषेची चाचणी व्हावी. शिक्षकांना विश्वासात घ्यावे. वर्गात सूचना तुकड्यातुकड्यांनी द्याव्यात आणि परीक्षेत थोडा अधिक वेळ द्यावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली आहे. तथापि सवलतीसाठी प्रमाणपत्र लागते आणि प्रमाणपत्राआधी कोणाला तरी शंका यावी लागते. ती प्रथम शिक्षकालाच येऊ शकते. म्हणून 'आळशी' हा शेरा लिहिण्यापूर्वी त्याने पालकांना एकदा बोलावून घ्यावे, एवढीच अपेक्षा आहे.