दाताची ‘आयुष्यभराची हमी’ : कोणाच्या आयुष्याची?



वेतन, पेन्शन, बदल्या आणि बढत्या हे या पानाचे नेहमीचे विषय. यावेळी दातांवर लिहिताना आम्हाला थोडा संकोच वाटतो आहे. आम्ही डॉक्टर नाही. दहावीपुढे शिक्षण झाले नाही. पण गेल्या काही वर्षांत निवृत्त सभासद युनियन कार्यालयात येतात ते बिले आणि कोटेशने घेऊन, आणि त्यांत दातांच्या ‘इम्प्लांट’ची कोटेशने वाढत चालली आहेत. ग्रॅच्युइटीचा पैसा जिथे जातो तिथे युनियनने लक्ष घातलेच पाहिजे, असे आमचे मत आहे.

आमच्या एका सभासदाची हकीकत सांगतो. सोलापूरला राहणारे हे निवृत्त मालगाडीचे गार्ड. मुलगा बंगळुरूत कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला, राहायला सर्जापूर रोडवर. सेलमच्या लाइनवर कार्मेलाराम स्टेशन आहे, त्याच भागात. एके काळी शेतमळ्यांचा असलेला हा रस्ता आता उंच इमारतींनी आणि पाट्यांनी भरला आहे, आणि त्यांत दातांच्या दवाखान्यांच्या पाट्या पुष्कळ. गार्डसाहेब उद्यान एक्सप्रेसने मुलाकडे गेले असता एका दवाखान्यात त्यांच्या खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवले गेले. लाखाच्या आसपास खर्च आला. हातात कार्ड मिळाले: ‘लाइफटाइम वॉरंटी’.

तीन वर्षे उत्तम गेली. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी त्यांनी आनंदाने खाल्ली. नंतर एक कॅप हलू लागली, दुसऱ्या ठिकाणी हिरडीतून रक्त येऊ लागले. सोलापूरच्या दंतवैद्यांनी विचारले, “इम्प्लांट कोणत्या कंपनीचा? माप किती?” कार्डावर काहीच लिहिलेले नव्हते. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूचा पाना वेगळा असतो, चुकीचा लावला तर स्क्रू आतच तुटतो. बंगळुरूला फोन केला तर मूळ डॉक्टर दवाखाना सोडून गेलेले. शेवटी दोन फेऱ्या झाल्या. एक कॅप आवळून घट्ट झाली. दुसऱ्या इम्प्लांटभोवतीचे हाड झिजल्यामुळे तो काढावा लागला. हमीप्रमाणे नवा स्क्रू मोफत मिळणार होता, पण हाड भरणे, शस्त्रक्रिया आणि नवी कॅप यांचे पैसे वेगळे. गार्डसाहेब आम्हाला म्हणाले, “अहो सेक्रेटरी, ब्रेक पॉवर सर्टिफिकेट बघितल्याशिवाय मी उभ्या नोकरीत गाडी सोडली नाही. इथे मात्र कार्डाची मागची बाजूसुद्धा बघितली नाही.”

मग इम्प्लांट ही फसवणूक आहे काय? मुळीच नाही. स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क या शास्त्रज्ञाला १९५०च्या दशकात सशांवर प्रयोग करताना आढळले की टायटॅनियम धातू जिवंत हाडाशी एकजीव होतो. त्यांनी १९६५ साली ज्या पहिल्या रुग्णाच्या जबड्यात हे स्क्रू बसवले, त्याने ते २००६ साली मरेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे वापरले. १९८१ साली या पथकाने पंधरा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. खालच्या जबड्यातले ९१ टक्के आणि वरच्या जबड्यातले ८१ टक्के इम्प्लांट टिकले होते. वरचे हाड मऊ असते, म्हणून हा फरक. पुढे स्क्रूचा पृष्ठभाग सुधारला. आता अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला दहा वर्षांचा आकडा ९५ टक्क्यांच्या आसपास आहे. माणसाच्या शरीरात बसवलेल्या वस्तूसाठी हा आकडा चांगलाच म्हटला पाहिजे.

परंतु आकडा कसा काढला हे आपण कामगारांनी विचारायला शिकले पाहिजे. महागाई निर्देशांकाच्या बाबतीत आपण ते शिकलो आहोत. ‘टिकला’ याचा अर्थ फक्त तोंडात आहे, एवढाच. त्याच्याभोवतीची हिरडी सुजलेली असली, हाड झिजत असले, तरी तो टिकलेल्यांतच मोजला जातो. शिवाय हे आकडे बहुतांशी विद्यापीठांच्या दवाखान्यांतले आहेत. तिथे तज्ज्ञ हात असतात आणि रुग्णाला ठराविक मुदतीने पुन्हा बोलावले जाते.

म्हणून स्वीडनमध्येच सामाजिक विमा खात्याच्या नोंदींतून सर्वसाधारण रुग्ण निवडून, सुमारे सहाशे जणांची नऊ वर्षांनी तपासणी झाली. ती २०१५-१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हा ७.६ टक्के रुग्णांनी निदान एक इम्प्लांट गमावला होता, आणि १४.५ टक्के रुग्णांत भोवतीच्या हाडाचा मध्यम ते गंभीर आजार आढळला. ज्यांना आधीपासून हिरड्यांचा रोग होता त्यांच्यात तो अधिक होता. हे विमा असलेल्या, दंतवैद्य हाताशी असलेल्या देशातले चित्र आहे. इम्प्लांट किडत नाही हे खरे, पण त्याला नस नसल्यामुळे तो वेळेवर ठणकतही नाही. कळते तेव्हा पुष्कळ हाड गेलेले असते.

आता आपल्या लोकांकडे पाहू. ट्रॅकवरच्या गॅंगपासून सॉर्टिंग ऑफिसच्या रात्रपाळीपर्यंत तंबाखू-चुना आणि विडीचे व्यसन आपल्यात खोल रुजले आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण तंबाखूची पुडी खिशात राहिलीच. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळले आहे. चघळण्याच्या तंबाखूने हिरड्यांची जी दशा होते ती आरशात दिसतेच. साखर आटोक्यात नसेल तर जखम भरत नाही आणि पुढे सूजही लवकर येते. पाळीच्या नोकरीने मधुमेह आणि वेळी-अवेळी खाणे आपल्याला दिले आहे. अशा तोंडात बसवलेल्या इम्प्लांटला परदेशी तरुणाचा आकडा लावणे म्हणजे घाटातल्या गाडीला सपाटीचा वेग लावण्यासारखे आहे.

आमचे म्हणणे एवढेच आहे, की हमी असते ती स्क्रूची, आणि दात टिकतो तो देखभालीवर. नवा रूळ टाकला म्हणून किमॅनची गस्त बंद करून चालत नाही. म्हणून सभासदांना आमच्या सूचना अशा:

पहिली, वाचवता येणारा दात इम्प्लांटसाठी काढू देऊ नका. हिरड्यांवर उपचार करून नीट सांभाळलेला स्वतःचा दातही वर्षानुवर्षे टिकतो. दुसरी, हिरड्यांचा रोग, साखर आणि तंबाखू यांचा बंदोबस्त आधी करा, इम्प्लांट नंतर. तिसरी, जिथे आपण कायम राहतो तिथेच काम करून घ्या. मुलाच्या गावी केलेच, तर कंपनी, नमुना, व्यास, लांबी आणि लॉट नंबर लिहिलेले कार्ड व एक्स-रे घेतल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नका. चौथी, वर्षातून निदान एकदा तपासणी आणि साफसफाई याचा खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरा.

कवळीला कमीपणा मानू नका, हेही सांगितले पाहिजे. खालचा सगळा जबडा रिकामा असेल तर दोनच इम्प्लांटवर अडकवलेली कवळी पुष्कळांना पुरते. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी अशा रुग्णांसाठी तीच पहिली पसंती असावी असे मत दिले होते. मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालय आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. लाखाच्या कोटेशनवर सही करण्याआधी अशा ठिकाणी दुसरे मत घ्यायला काय हरकत आहे?

राहिला प्रशासनाचा भाग. कर्नाटक सरकारने ‘दंत भाग्य’ योजनेतून गरीब वृद्धांना मोफत कवळ्या दिल्या. दात हा शृंगार नसून आरोग्य आहे, हे त्या सरकारला पटले. जेवण चावता आले नाही तर म्हातारपणी माणूस मऊ भात आणि चहा-बिस्किटावर येतो आणि खंगतो. आपल्याकडे मात्र पीएमईमध्ये नजर कसून तपासतात, दात-हिरड्यांकडे तेवढ्या काटेकोरपणे कोणी पाहत नाही. ज्या पेन्शनरांना निश्चित वैद्यकीय भत्ता मिळतो त्यांना १ जुलै २०१७ पासून तो महिना १००० रुपये झाला. त्यात औषधे घ्यायची की दात बसवायचे?

म्हणून आमची मागणी अशी, की प्रत्येक पीएमईत दात-हिरड्यांची तपासणी व्हावी, विभागीय रुग्णालयांत दंतवैद्याची जागा भरलेली असावी, आणि कवळी, ब्रिज, इम्प्लांट यांपैकी काय मिळेल व कोणत्या अटीवर, हे रेल्वे व टपाल या दोन्ही खात्यांनी सूचना फलकावर स्वच्छ मराठीत लावावे. नोकरीत असताना चाळिशीत हिरडी सांभाळली, तर साठीत लाखाचे कोटेशन येणार नाही, आणि प्रशासनाचाही पैसा वाचेल.

गार्डसाहेब आता सोलापुरातच दर सहा महिन्यांनी तपासून घेतात. उरलेला एक इम्प्लांट शाबूत आहे. तंबाखूची डबी त्यांनी सोडली. शाखा-सचिवांनी हा मजकूर पुढच्या सभेत वाचून दाखवावा, आणि ज्या सभासदाच्या हातात असे कोटेशन असेल त्याने सही करण्यापूर्वी एकदा कार्यालयात यावे, ही विनंती.