रंगाखालचा इतिहास

हिमायतनगरहून मुशीराबाद जवळच. निजाम सरकारच्या रेल्वेने १९३२ साली आणलेल्या अल्बियन बसगाड्यांपैकी एक तेथील बस भवनात जपली गेली. प्रवासी गाडीला हे भाग्य लाभले. युद्धातल्या ट्रकच्या वाट्याला बहुधा भंगाराचा काटाच येतो.

दुसऱ्या महायुद्धात एकट्या कॅनडाने आठ लाखांवर लष्करी वाहने बांधली. त्यांतले फोर्ड व शेवरोले ट्रक हिंदी सैन्यानेही वापरले. युद्ध संपले, आणि उरलेली वाहने लिलावांतून विटा-लाकडे वाहू लागली.

आज असा ट्रक हाती लागला की हौशी माणूस आधी तो खरवडून नवा हिरवा रंग चढवतो. माझ्या मते चूक इथेच होते. चासीवरचा क्रमांक, डॅशबोर्डवरची धातूची पट्टी आणि रंगाचे थर हीच त्या ट्रकची जन्मपत्रिका. ठेकेदाराच्या निळ्याखाली लष्करी हिरवा, त्याखाली वाळूचा रंग निघाला, तर तो वाळवंटी मोहिमेसाठी रंगवला असावा, हा पहिला धागा मिळतो. खरवडल्यावर तो कायमचा तुटतो.

इंजिन पुन्हा चालू करता येते, पुसलेला पुरावा परत येत नाही. म्हणून यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्याने पाना उचलण्यापूर्वी इतिहासाच्या मित्राला वही घेऊन बोलवावे. आधी नोंद व्हावी, रंग मागाहून.