थव्यातला वेगळा कुरव

रीडिंगला समुद्र नाही. जवळचा किनारा म्हटला तरी गाडीने निदान तासभर. पण हिवाळ्यात सीगल मात्र ढिगाने. (मराठीत त्यांना कुरव म्हणतात. चांगला शब्द आहे, वापरत जा.) दिवसभर शेतात नाहीतर शाळांच्या मैदानांवर किडे-गांडुळं टिपायची आणि संध्याकाळी पाण्यावर झोपायला जमायचं, असा त्यांचा शिरस्ता. गावाच्या पश्चिमेला थीलजवळ खडी काढून झालेल्या खाणींची तळी झाली आहेत. डिसेंबरात चारलाच अंधारतं, त्याआधी तिथे पोचायचं.

शेकडो पांढऱ्या पक्ष्यांत वेगळा कसा सापडतो, असं पुण्याहून आलेले पाहुणे विचारतात. माझं म्हणणं असं की, वेगळा शोधूच नये. साधा पाठ करावा. इथला सगळ्यात साधा म्हणजे काळ्या डोक्याचा कुरव. नाव ठेवणाऱ्याला नमस्कार, कारण त्याचं डोकं उन्हाळ्यात चॉकलेटी असतं आणि हिवाळ्यात चक्क पांढरं, डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका! उडताना पंखांच्या टोकाला काळी किनार दिसते. हे शंभरदा पाहिलं की मग एखाद्याचे पंख टोकापर्यंत कोरे पांढरे आणि चोच जाड लाल दिसली तर आपोआप नजर अडते. तो मेडिटेरेनियन गल.

मोठ्या कुरवांचं प्रकरण अवघड. हेरिंग गलचे पाय गुलाबी, यलो-लेग्डचे पिवळे, कॅस्पियनची चोच लांब आणि डोळा बारीक काळा, हे सगळं पुस्तकात ठीक. पण पूर्ण रंग यायला त्यांना सुमारे चार वर्षं लागतात, तोवर दर वर्षी पिसांचा नवा अवतार. शिवाय हेरिंग आणि कॅस्पियनचे संकरही होतात. तळ्यावर भेटणारे एक आजोबा कित्येक वर्षं कुरव बघताहेत. मी उत्साहाने दाखवलेल्या पक्ष्याकडे ते दहा मिनिटं दुर्बीण लावून बसले आणि वहीत लिहिलं, ‘मोठा कुरव, जात नक्की नाही’. मला हा बाणा फार आवडतो. आपल्याकडे फोटो टाकला की पाच मिनिटांत तिघं तीन नावं ठामपणे सांगतात!

हा नुसता छंदाचा काटेकोरपणा नाही. हेरिंग गल २००९ पासून ब्रिटनच्या लाल यादीत आहे, २०२४ मध्ये कॉमन गलही तिथे गेला. बीटीओ या संस्थेने २०२३-२४ आणि २०२४-२५ च्या हिवाळ्यांत देशभरातले कुरव मोजले ते अशाच हौशी लोकांच्या मदतीने. ठोकून दिलेलं नाव त्या आकड्यांत जाऊन बसतं.

आपल्या भिगवणला, उजनीच्या पाण्यावर, काय कमी आहे? तपकिरी डोक्याचे कुरव, काळ्या डोक्याचे, नशीब असेल तर भला थोरला पलास गल. पण नावेतून शेव फेकायची, थवा अंगावर आला की फोटो काढायचे आणि ‘सीगल पाहिले’ म्हणून परतायचं! गंमत म्हणजे हिवाळ्यात हे पहिले दोघेही पांढऱ्या डोक्याचेच. पुढच्या खेपेला शेवेची पुडी गाडीतच ठेवा आणि डोळे बघा. पूर्ण वाढलेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिकट असतो, काळ्या डोक्याच्याचा गडद. पिल्लांचं विचाराल, तर तिथे मीही अजून वहीत ‘नक्की नाही’च लिहितो.