‘हे कशावरून?’

शाळेत इतिहासाचा निबंध लिहायला सांगितला की बहुतेक घरांत सारखाच प्रकार घडतो. मूल एखाद्या राजाचे नाव निवडते. त्याचा जन्म, लढाया, कामगिरी आणि मृत्यू ही माहिती पुस्तकातून किंवा मोबाइलवरून उतरवून घेते. शेवटी ‘असे हे थोर राजे होते’ असे लिहून वही मिटते. माहिती बरोबर असते, अक्षरही सुवाच्य असते, तरी गुण बेताचेच पडतात. शिक्षकांना हवा असतो युक्तिवाद, आणि वहीत असते ती नुसती माहिती.

हा फरक समजावून घ्यायला तंजावूरचे उदाहरण फार सोयीचे आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तेथे भोसल्यांचे राज्य स्थापन केले आणि ते १८५५ पर्यंत टिकले. मराठी मुलाला त्याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. पण समजा, हा निबंध तंजावूरच्याच एखाद्या वर्गात वाचायचा आहे आणि शेजारच्या बाकावर एक तमिळ मुलगा बसला आहे. त्याच्या दृष्टीने गावाचे वैभव म्हणजे राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेले बृहदीश्वराचे मंदिर. ‘आमचे राजे थोर होते’ एवढ्याने त्याचे समाधान होणार नाही. तो विचारील, ‘हे कशावरून?’ निबंध लिहायचा तो या मुलाला पटावा म्हणून.

विषयातून प्रश्न काढावा

‘दुसरे सरफोजीराजे’ हा विषय झाला. त्यावर शंभर पाने लिहिता येतील, पण वाद घालता येणार नाही. म्हणून आधी विषयातून प्रश्न काढावा लागतो. सरफोजीराजे १७९८ मध्ये गादीवर आले, तेही ईस्ट इंडिया कंपनीच्या पाठिंब्याने. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ रोजी, तह होऊन राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावूरचा किल्ला, ठरलेली नेमणूक आणि जमीन महसुलाचा पाचवा हिस्सा राहिला. त्यानंतर १८३२ पर्यंत ते गादीवर होते. मग प्रश्न असा पडतो की, १७९९ नंतर सरफोजीराजे केवळ नावाचे राजे होते काय?

या प्रश्नाला दोन्ही बाजूंनी उत्तर देता येते, म्हणूनच तो चांगला. ज्या प्रश्नाच्या उत्तराबद्दल कोणाचे दुमत होणार नाही, त्यावर युक्तिवादाचा निबंध होत नाही.

उत्तर एका वाक्यात

पुढची पायरी म्हणजे आपले उत्तर पहिल्याच परिच्छेदात एका वाक्यात मांडणे. उदाहरणार्थ: ‘राजसत्ता गेल्यावरही सरफोजीराजांनी हाती उरलेला पैसा कशासाठी वापरायचा हे स्वतः ठरवले, म्हणून त्यांना केवळ नामधारी म्हणता येत नाही.’ मुलांनी हे वाक्य कच्च्या कागदावर लिहून समोर ठेवावे. निबंधातला प्रत्येक परिच्छेद त्या वाक्याच्या कामी आला पाहिजे. जो येत नाही, तो कितीही आवडता असला तरी गाळावा.

पुरावा आणि त्याचा अर्थ

आता पुरावे. तंजावूरचे सरस्वती महाल ग्रंथालय नायक राजांच्या काळापासूनचे. सरफोजीराजांनी ते कितीतरी वाढवले. काशीयात्रेला गेले तेव्हाही हस्तलिखिते गोळा केली. १८०५ च्या सुमारास त्यांनी देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला. धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग चालत, आणि डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसह ठेवलेल्या आहेत. यात्रेकरूंना राहण्या-जेवणाची सोय असलेली छत्रे चालू राहावीत म्हणून त्यांनी १८०१ मध्ये इंग्रजांना पत्र लिहिले.

येथेच बहुतेक मुले थांबतात. पण ही यादी म्हणजे युक्तिवाद नव्हे. प्रत्येक पुराव्यानंतर ‘यावरून काय दिसते?’ याचे उत्तर एका वाक्यात द्यावे लागते. छत्रांच्या पत्रावरून दिसते की, राजांना आपल्या प्रजेच्या सोयीसाठी परक्यांकडे शब्द टाकावा लागत होता, आणि तो ते टाकत होते. एकाच कागदात त्यांची असहायताही आहे आणि त्यांचा आग्रहही आहे. हे ज्या मुलाला दिसले त्याचा निबंध गाईडच्या पुढे गेला.

विरुद्ध बाजू लपवू नये

तंजावूर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर सरभेंद्रराजपट्टणम येथे ‘मनोरा’ नावाचा सहा बाजूंचा उंच बुरूज आहे. इंग्रजांनी नेपोलियनवर विजय मिळवला म्हणून १८१४ च्या सुमारास सरफोजीराजांनी तो बांधला. ज्यांनी आपले राज्य घेतले त्यांच्या विजयाचे स्मारक! अभिमानाने निबंध लिहिणाऱ्या मुलाला हा बुरूज अडचणीचा वाटतो आणि तो त्याचा उल्लेखच टाळतो. पण शेजारच्या बाकावरच्या मुलाने तो सहलीत पाहिलेला असतो. त्याने ‘मनोऱ्याचे काय?’ एवढेच विचारले की सारा निबंध कोसळतो.

त्यापेक्षा मनोऱ्याचा उल्लेख आपणच करावा, आणि तोही सौम्य करून नव्हे. राजांची गादी, त्यांची नेमणूक, त्यांचे शिक्षण करणारे ख्रिस्ती मिशनरी श्वार्ट्झ, या साऱ्यांतून ते इंग्रजांच्या किती जवळ होते हे मान्य करावे. ग्रंथालयावर खर्च झालेला पैसाही शेवटी शेतकऱ्यांच्या महसुलातून आलेला होता, हेही सांगावे. एवढे मान्य केल्यावर आपले विधान तपासून पाहावे. ‘राजे स्वतंत्र होते’ असे विधान असेल तर ते टिकत नाही. ‘राजकारणात ते परावलंबी होते, पण विद्येच्या क्षेत्रात त्यांनी स्वतःची वाट काढली’ हे विधान टिकते. विरुद्ध पुराव्यामुळे आपले वाक्य बदलावे लागले तर मुलांनी हिरमुसू नये. निबंध पक्का होतो तो याच ठिकाणी.

लिहिले कोणी, कशासाठी?

बृहदीश्वराच्या आवारातील भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. हा प्रचंड शिलालेख १८०३ मध्ये सरफोजीराजांच्याच आज्ञेने कोरला गेला. दगडावर कोरले म्हणजे खरेच असणार, असे मुलांना वाटते. पण राज्याचा कारभार गेल्यानंतर चारच वर्षांनी एका राजाने आपल्या घराण्याची कीर्ती दगडात का कोरून घेतली असेल, हा प्रश्न त्यांना विचारावा. शिलालेखात घडलेल्या घटना सांगितल्या आहेत, तशीच राजांची इच्छाही त्यात कोरलेली आहे. निबंधात तो दोन्ही अंगांनी वापरता येतो.

याउलट सरस्वती महालात मोडी कागदांचे शेकडो रुमाल आहेत. रोजच्या कारभाराचा किंवा हिशेबाचा कागद कोणाची स्तुती करण्यासाठी लिहिलेला नसतो, म्हणून त्याचे मोल वेगळे. त्यांतील बऱ्याच कागदांचे तमिळ भाषांतर तंजावूरच्या तमिळ विद्यापीठाने प्रसिद्ध केले आहे. म्हणजे आज आपले हे मराठी कागद तो तमिळ मुलगा वाचू शकतो, आणि मोडी न येणाऱ्या मराठी मुलाला मात्र ते वाचता येत नाहीत!

सालांबाबतही सावध राहावे. व्यंकोजीराजांनी तंजावूर घेतल्याचे साल एका पुस्तकात १६७४, दुसऱ्यात १६७५, तर तिसऱ्यात १६७६ असे आढळते. अशा वेळी एक आकडा ठोकून देण्याऐवजी ‘१६७५ च्या सुमारास’ असे लिहावे.

शेवट कसा करावा

शेवटी जयजयकार नको, आणि आधीचेच पुन्हा सांगणेही नको. आपल्या उत्तराने काय कळले, ते सांगावे. १८५५ मध्ये सरफोजीराजांचे पुत्र दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. राणी कामाक्षीबाईंच्या बाजूने चाललेला दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८५९ मध्ये तो फेटाळला गेला. किल्ला, नेमणूक, मान, सारे संपले. ग्रंथालय मात्र राहिले. १९१८ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले आणि आज ते सरफोजीराजांच्या नावानेच ओळखले जाते. जे इंग्रजांनी राजांना दिले ते इंग्रजांनीच परत घेतले. राजांनी स्वतः जमवले ते उरले. निबंधाचे विधान या शेवटाने आपोआप पक्के होते.

पालकांनी काय करावे? निबंध सांगून लिहवून घेऊ नये आणि चुका खोडून आपली वाक्येही घालू नयेत. संध्याकाळी मुलाला तो मोठ्याने वाचायला सांगावा, आणि जेथे जेथे थोरपणाचे विशेषण येईल तेथे फक्त एवढेच विचारावे, ‘हे कशावरून?’ पहिल्या दिवशी मूल चिडेल. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडून पाहील. काही दिवसांनी तोच प्रश्न ते वर्तमानपत्रातल्या बातमीला, निवडणुकीतल्या भाषणाला आणि कधी आई-वडिलांनाही विचारील. तेव्हा मात्र पालकांनी चिडू नये.