आराम खरा, सिद्धान्त नव्हे



गेल्या अंकात एका वाचकाने जर्मनीतील चाचणीच्या आधारे अ‍ॅक्युपंक्चर ‘सिद्ध आणि निर्धोक’ ठरवले आहे. दाखला खरा आहे, पण अर्धाच दिला आहे.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत जुनाट कंबरदुखीचे ११६२ रुग्ण होते. सहा महिन्यांनी पारंपरिक बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्के, तर औषधे-व्यायाम असे नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी २७.४ टक्के रुग्णांना उतार पडला. पत्रलेखक इथेच थांबतात. पण तिसरा गटही होता. त्यांना बिंदू टाळून भलत्याच जागी आणि वरवर सुया टोचल्या होत्या. त्यांच्यात हे प्रमाण ४४.२ टक्के! म्हणजे आराम खरा, पण बिंदूंचा सिद्धान्त त्यातून सिद्ध होत नाही. वर्षानुवर्षे कंबर धरून बसलेला माणूस आशेने पैसे मोजतो, त्याला हे सांगायलाच हवे.

सुया बऱ्याच सुरक्षित आहेत, हे मान्य. पण निर्धोक? जर्मनीतच सुमारे २ लाख २९ हजार रुग्णांच्या पाहणीत ८.६ टक्क्यांना काही ना काही त्रास झाला. बहुतेकांचा किरकोळ होता: थोडे रक्त येणे, काळेनिळे पडणे, दुखणे. दोघांच्या मात्र फुप्फुसाभोवती हवा शिरली. छातीवर सुई टोचणाऱ्याचे शिक्षण किती, हे रुग्णाने आधी जरूर विचारावे.

– एक वाचक, पुणे